कीरा रोस्लर : ब्लॅक फ्लॅगमधली दोन वर्षे आणि त्यानंतरचा बेस

मंद्रषड्ज :

ब्लॅक फ्लॅग या लॉस एंजेलिसच्या पंक बँडविषयी लिहिणारे बहुतेक जण गिटारवादक ग्रेग गिन आणि गायक हेन्री रोलिन्स या दोघांपाशीच थांबतात. १९८४ आणि १९८५ मध्ये त्यांच्या शेजारी उभी राहून बेस गिटार वाजवणारी कीरा रोस्लर एखाद्या वाक्यात उरकली जाते, आणि त्या वाक्यातही बहुधा ती 'बँडमधली एकमेव स्त्री' एवढीच असते. तिच्या वादनाविषयी आणि बँड सुटल्यानंतर तिने जे केले त्याविषयी जरा ऐसपैस बोलता यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

कीराचा जन्म १२ जून १९६१ रोजी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. थोरला भाऊ पॉल पियानो शिकत होता, त्याचे पाहून तीही सहाव्या वर्षी पियानोला बसली. काही वर्षांनी तिने तो सोडून दिला आणि चौदाव्या वर्षी बेस गिटार हाती घेतली, कारण भावाच्या बँडला बेसवादक हवा होता. जागा रिकामी होती म्हणून बेसकडे वळलेल्या माणसांची संख्या या वाद्याच्या इतिहासात इतकी मोठी आहे की त्यात नवल काही नाही; नवल आहे ते तिने ती जागा पुढे कधीच सोडली नाही याचे. पॉल रोस्लर नंतर 'द स्क्रीमर्स'चा किबोर्डवादक झाला. त्या बँडमध्ये गिटार मुळीच नव्हती. गिटारवाचून पंक होऊ शकते हे घरातच पाहिलेल्या मुलीला पुढे गिटार आणि ड्रम दोन्ही वगळून बँड काढावासा वाटला, यात मला तरी एक सलग धागा दिसतो. १९८१च्या सुमारास ही भावंडे आणि 'द जर्म्स'चा गिटारवादक पॅट स्मिअर 'ट्विस्टेड रूट्स' या बँडमध्ये एकत्र आले, आणि ब्लॅक फ्लॅगमधून बाहेर पडलेल्या डेझ कडेनाच्या 'डीसी थ्री' या बँडमध्येही ती काही काळ होती.

ती ब्लॅक फ्लॅगमध्ये आली तेव्हा तो बँड एका विचित्र कोंडीतून नुकताच सुटत होता. युनिकॉर्न या रेकॉर्ड कंपनीबरोबरच्या वादात न्यायालयाने बँडला स्वतःच्या नावाने नवे काही प्रसिद्ध करण्यास मनाई केली होती, आणि त्या आदेशाचा भंग झाल्याचे ठरवून गिन आणि तेव्हाचा बेसवादक चक डुकॉव्स्की यांना काही दिवस तुरुंगातही ठेवले होते. १९८३च्या अखेरीस युनिकॉर्नचे दिवाळे निघाले आणि बंदी आपोआप संपली. पण तोवर डुकॉव्स्की वादक म्हणून बँडबाहेर गेला होता. पुढच्या अल्बमवर गिनने स्वतःच बेस वाजवला आणि श्रेयनामावलीत 'डेल निक्सन' असे खोटे नाव घातले. म्हणजे कीराच्या आधी त्या जागी काही काळ प्रत्यक्षात कोणीच नव्हते.

त्यानंतरची दोन वर्षे पाहिली की दम लागतो. १९८४ मध्ये बँडने १८०च्या आसपास कार्यक्रम केले. कीराचा बेस असलेले 'फॅमिली मॅन' आणि 'स्लिप इट इन' हे अल्बम त्याच वर्षी आले, शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द स्टोन' या जागी २६ ऑगस्टला मुद्रित झालेला 'लाइव्ह '८४'. १९८५ मध्ये 'लूज नट', 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट' आणि 'इन माय हेड'. तालमी तासन्‌तास चालत. त्या तालमींत तिच्या हाताला झालेली दुखापत नीट बरी व्हायला सवडच मिळाली नाही, आणि ती तशीच वाजवत राहिली. या सगळ्याच्या जोडीला ती यूसीएलए विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होती, आणि बँडचे दौरे तिच्या सत्रांचा अंदाज घेऊन आखावे लागत.

१९८५च्या उत्तरार्धात तिला बँडमधून काढण्यात आले. ब्लॅक फ्लॅगही त्यानंतर वर्षभराच्या आत, १९८६ मध्ये, विसर्जित झाला. तिने शिक्षण पुरे केले, बेस सुरू ठेवला आणि पुढे चित्रपट व मालिकांसाठी संवादांचे ध्वनिसंपादन हा व्यवसाय पत्करला. तिच्या आयुष्याचा हा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा तसूभरही कमी महत्त्वाचा वाटत नाही. जाणकारांनी भर घालावी.

तालभ्रष्ट :

लेख आवडला, पण एक शंका मोकळेपणाने मांडतो. ब्लॅक फ्लॅगच्या त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत गिनची गिटार इतकी पुढे आहे की मला बेस शोधून काढावा लागतो. कानावर धड न येणाऱ्या वादनाचे कौतुक करताना आपण वादन ऐकत आहोत की चरित्र वाचत आहोत, असा प्रश्न पडतो. शिवाय पंक बेस म्हणजे गिटारच्या मूळ स्वरांमागे धावणे, एवढेच असते ना?

चौतारी :

मी स्वतः बरीच वर्षे बेस वाजवते, म्हणून तालभ्रष्ट यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. हार्डकोर, म्हणजे पंकचा जो अतिवेगवान प्रकार, त्याविषयी तुमचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे; तिथे बेस गिटारला चिकटून धावतो आणि दोघांचे मिळून एकच जाड स्वररूप होते. परंतु कीरा आली तेव्हा हा बँड त्या वेगापासून दूर जात होता. गाणी संथ आणि लांब होत चालली होती, आणि गिन सुरावटीच्या बाहेर निघून जाऊन बराच वेळ परत न येण्याचे धाडस करू लागला होता.

संथ वाजवणे सोपे, असा एक गैरसमज असतो. दर मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या गाण्यात एखादा स्वर किंचित पुढेमागे झाला तर तो गर्दीत लपतो. साठ-सत्तरच्या लयीत तो उघडा पडतो, आणि दोन ठोक्यांमधली पोकळी तुम्हाला स्वर धरून ठेवून भरावी लागते. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ कंपने करते. असा स्वर आकार घ्यायला वेळ घेतो, आणि डावा हात थोडा जरी सैल पडला तरी तो घरघरत विझतो. त्यातच बेसची तार साधारण ३४ इंच लांबीची, म्हणजे नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारपेक्षा आठ-नऊ इंचांनी जास्त. दुखऱ्या हाताने वर्षात १८० कार्यक्रम, आणि त्यांत अशी संथ गाणी, हे वाचून माझी बोटे आपोआप आखडतात.

बेस ऐकायचा असेल तर शब्द नसलेल्या रचनांकडे जावे, असे मी सुचवेन. 'द प्रोसेस ऑफ वीडिंग आउट'मध्ये गायन मुळीच नाही. गिन, कीरा आणि ड्रमवर बिल स्टीव्हन्सन असे तिघेच आहेत. तिथे गिटार भरकटते, आणि ती भरकटली हे कळते ते बेस जागेवर असल्यामुळे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर लेहरा, म्हणजे तबल्यामागे पुन्हा पुन्हा फिरणारी सुरावट, धरणाऱ्याचे काम ती करते. फक्त हा लेहरा मध्येच वळण घेतो आणि त्याचा मुखडा कुठे आहे हे ड्रमवाल्याला आणि तिलाच ठाऊक असते. 'फॅमिली मॅन'ची एक बाजू रोलिन्सच्या गद्य निवेदनाची आहे, ती वगळून दुसरी ऐका.

तालभ्रष्ट :

लेहऱ्याची उपमा पटली. 'प्रोसेस' आज रात्री पुन्हा ऐकतो.

अनुस्वार :

मला दुसऱ्या बाजूने विचारायचे आहे. 'स्लिप इट इन'चे शीर्षकगीत स्त्रियांविषयी ज्या सुरात बोलते, ते ऐकताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते. त्या अल्बमवर एक स्त्री बेस वाजवत आहे ही गोष्ट बँडच्या बाजूने साक्ष म्हणून वापरली जाते, आणि तो युक्तिवाद मला पोकळ वाटतो. बेसवादक गाण्याचे शब्द लिहीत नाही, आणि तिच्या उपस्थितीने शब्द शुद्धही होत नाहीत.

दुसरा मुद्दा पंकमध्ये बेसच्या जागी स्त्रिया इतक्या वेळा का दिसतात याचा. लंडनच्या 'द ॲडव्हर्ट्स'मध्ये गे ॲडव्हर्ट, 'द स्लिट्स'मध्ये टेसा पॉलिट, लॉस एंजेलिसच्या 'द जर्म्स'मध्ये लॉर्ना डूम, 'सॉनिक यूथ'मध्ये किम गॉर्डन. 'चार तारा, सोपे वाद्य, मागे उभे राहायचे, म्हणून मुलीला देऊन टाका', असा एक समज त्यामागे असावा असे मला वाटते, आणि मग त्याच मुलीला छायाचित्रात मात्र सर्वांत पुढे आणले जाते. १९७७ मध्ये ॲडव्हर्ट्सची पहिली एकेरी तबकडी स्टिफ या कंपनीने काढली, तेव्हा वेष्टनावर बँड नव्हता, फक्त गेचा चेहरा होता. गाणी लिहिणारा आणि गाणारा टीव्ही स्मिथ होता. गेच्या वादनाविषयी मात्र त्या काळात कोणी फारसे गंभीरपणे बोलले नाही.

मंद्रषड्ज :

अनुस्वार, साक्षीचा मुद्दा मला मान्य आहे. त्या गीतात जो स्त्रीचा आवाज ऐकू येतो तो सुझी गार्डनरचा आहे, आणि हीच गार्डनर १९८५ मध्ये 'एल सेव्हन' हा स्त्रियांचा बँड उभारणाऱ्यांपैकी एक होती. त्यावरून गाणे निर्दोष ठरत नाही, पण त्या खोलीतल्या स्त्रिया नुसत्या शोभेच्या नव्हत्या, इतके मात्र कळते.

'सोपे वाद्य' या समजाबद्दल मात्र कीराचे उदाहरण थोडे वेगळे पडते. लॉर्ना डूम आणि गे ॲडव्हर्ट यांनी वाद्य शिकता शिकताच बँड उभा केला, आणि पंकचा मूळ दावाच तो होता की वाजवता येण्याची वाट पाहू नका. त्यात कमीपणा नाही. पण कीरा ब्लॅक फ्लॅगमध्ये आली ती बालपणीच्या पियानोपासून जवळजवळ दीड दशक संगीताशी झटलेली आणि अनेक बँडमधून तावून निघालेली वादक म्हणून. तिला मुलगी म्हणून जागा मिळाली असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे होईल. चौतारी यांनी जे लयीविषयी लिहिले ते करू शकणारा माणूस गिनला हवा होता, आणि तसा माणूस मिळेपर्यंत त्याने ते काम खोट्या नावाने स्वतः केले होते.

तालभ्रष्ट :

'प्रोसेस' ऐकून आलो. चौतारी यांचे आभार. माझे आधीचे विधान मागे घेतो.

आता दुसरी शंका. तिच्या विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसार दौरे आखावे लागत, असे मूळ लेखात आहे. जो बँड वर्षातून १८० दिवस रस्त्यावर असतो, ज्याचे सदस्य त्यासाठी घरदार सोडून व्हॅनमध्ये राहतात, त्या बँडने 'आधी परीक्षा' म्हणणाऱ्या सदस्याला निरोप दिला, तर त्यांना दोष कसा द्यायचा? अर्धे मन इथे आणि अर्धे तिथे ठेवून पंक होते का?

मंद्रषड्ज :

तिला काढण्याचे तेवढे एकच कारण होते असे नाही. शेवटच्या दौऱ्यापर्यंत बँडमध्ये एकमेकांविषयीची कटुता बरीच वाढली होती, आणि दोषाची वाटणी करण्यात मला रस नाही. पण 'अर्धे मन' या शब्दांशी मी असहमत आहे आणि हा धागा काढण्यामागचे खरे कारणही तेच आहे.

पंकमध्ये निष्ठेचे एक अलिखित माप आहे. नोकरी सोडली, शिक्षण सोडले, घर सोडले, की माणूस खरा. ज्याने काही राखून ठेवले तो कच्चा. हे माप कोणी ठरवले ते माहीत नाही, पण त्यात बसण्यासाठी मागे काही नसणे ही जणू पात्रता होऊन बसते. कीराने दोन वर्षांत पाच स्टुडिओ ध्वनिमुद्रणे आणि दोन प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे केली, आणि त्याच काळात अभियांत्रिकीही सोडले नाही. यात अर्धे मन कुठे आहे? मला तर इथे दोन पूर्ण मने दिसतात. ज्यांनी सर्वस्व पणाला लावले त्यांपैकी कित्येकांचे वाद्य तिशीच्या आत हातातून सुटले, कारण वाद्यावर पोट भरेना आणि दुसरे काही येत नव्हते. हिने वाद्यावर पोटाचा भार कधी टाकलाच नाही. म्हणून ते वाद्य कोणत्याही कंपनीच्या किंवा बँडच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही.

चौतारी :

याला 'डॉस'चा दाखला द्यायलाच हवा. मूळ लेखात तो निसटला याचे आश्चर्य वाटले. 'मिनटमेन' या सॅन पेड्रोच्या बँडचा बेसवादक माइक वॉट आणि कीरा यांनी १९८५ मध्ये हा बँड सुरू केला. नावाचा स्पॅनिश अर्थ 'दोन', आणि आहेतही दोनच बेस. ड्रम नाही, गिटार नाही. मिनटमेनच्या शेवटच्या अल्बमसाठी तिने काही गीतेही लिहिली होती. २२ डिसेंबर १९८५ रोजी त्या बँडचा गायक-गिटारवादक डी. बून ॲरिझोनातल्या वाहन अपघातात गेला आणि मिनटमेन तिथेच संपला. लहानपणापासूनचा मित्र गमावलेल्या वॉटच्या हातात त्या काळात बेस टिकून राहिला, त्यात कीराचा आणि या दोघांच्या बँडचा वाटा मोठा आहे.

दोन बेस एकत्र वाजवणे हा खरे तर वेडेपणा आहे. दोन्ही वाद्ये एकाच सप्तकात घुमतात, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी खाली जायचे ठरवले तर चिखल होतो. म्हणून एकाने तळ धरला की दुसऱ्याने वरच्या पट्टीत जाऊन सुरावट घ्यायची, आणि ही अदलाबदल सतत, न सांगता व्हायला हवी. ड्रम नसल्याने लय दोघांच्या बोटांतच असते. डॉसमध्ये कीरा गातेही. गाताना बेसची लय न ढळू देणे हे बोलता बोलता दुसरेच काही लिहिण्याइतके अवघड आहे, आणि ती ते कसलाही आविर्भाव न आणता करते.

मला विशेष वाटते ते पुढचे. दोघांनी १९८७ मध्ये लग्न केले आणि १९९४ मध्ये ते विभक्त झाले. डॉस मात्र विभक्त झाला नाही. 'हुस्तामेंते त्रेस' हा त्यांचा अल्बम १९९६चा आहे आणि 'डॉस इ डॉस' २०११चा. पंधरा वर्षांच्या अंतराने आलेल्या अल्बममागे कोणतीही व्यावसायिक घाई असू शकत नाही, आणि मंद्रषड्ज यांच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

ध्वनिवेध :

मी चित्रपटांच्या ध्वनीवर काम करतो, पंकविषयी माझे ज्ञान जुजबी आहे. कीरा रोस्लर हे नाव मला आधी संवादसंपादक म्हणून माहीत होते, आणि ती कोणा ब्लॅक फ्लॅगमध्ये होती हे नंतर कळले. आमच्या क्षेत्रात तिची ओळख अशी उलट्या क्रमाने होते.

संवादसंपादन म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी मुद्रित झालेले बोलणे एकसंध करणे. एका प्रसंगाचे दहा तुकडे दहा वेगवेगळ्या कोनांतून आणि कदाचित दोन वेगवेगळ्या दिवशी चित्रित झालेले असतात. प्रत्येक तुकड्यामागची शांतता निराळी असते. एकीत वारा, दुसरीत यंत्राची घरघर. त्या शांतता एकमेकींत अशा विणायच्या की प्रेक्षकाला सांधा कळू नये, खोकला किंवा माइकवरची ठोकर काढून टाकायची, एखादा अक्षराचा तुकडा दुसऱ्या टेकमधून, म्हणजे त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या चित्रणातून, उसना आणायचा, आणि जे सुधारणारच नाही ते नटाकडून पुन्हा बोलून घेऊन ओठांशी जुळवायचे. 'जॉन ॲडम्स' या लघुमालिकेच्या ध्वनिसंपादनासाठी २००८ मध्ये एमी पुरस्कार मिळवणाऱ्या चमूत ती होती, आणि २०१२ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'साठी एमी मिळालेल्या चमूतही. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'वरही तिने काम केले. इंजिनांच्या गर्जनेत चित्रित झालेल्या त्या चित्रपटाचे संवाद ऐकू येण्याजोगे करणे किती कष्टाचे असेल, हे आमच्यातल्या कोणालाही विचारा. त्याला ध्वनिसंपादनाचे ऑस्कर मिळाले, परंतु ते पर्यवेक्षक म्हणून मार्क मँजिनी आणि डेव्हिड व्हाइट या दोघांच्या नावावर आहे. बाकीच्या चमूची नावे श्रेयनामावलीत राहतात.

बेस आणि संवादसंपादन यांत साम्य आहे असे मला वाटते. दोन्ही कामे नीट झाली की कोणाच्या लक्षात येत नाहीत.

मंद्रषड्ज :

ध्वनिवेध, माहितीबद्दल मनःपूर्वक आभार. साम्य मोहक आहे, पण मी ते जपूनच स्वीकारेन. डॉसमध्ये तिचा बेस लपलेला नाही, तो संपूर्ण दर्शनी भाग आहे. आणि 'लक्षात न येणे' हे स्त्री कलाकाराच्या कामाचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले की मी थोडा सावध होतो. बाकी, नव्याण्णव जणांच्या कोलाहलातून एक आवाज वेगळा काढण्याचा सराव तिला गिनच्या गिटारशेजारी उभे राहूनच झाला असणार, ही गोष्ट मी हसत हसत मान्य करतो.

चौतारी यांच्या तक्रारीवर : डॉस निसटला नव्हता, कोणीतरी बेसवाल्याने लिहावे म्हणून राखून ठेवला होता. राहिली एकच भर. २०२१ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, तिचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला. तो प्रकाशित करणारी 'किटन रोबॉट' ही संस्था पॉलची, म्हणजे ज्याच्या बँडला बेसवादक हवा होता त्याच भावाची.

अनुस्वार :

इतक्या चर्चेनंतर नवख्याने नेमके कुठून सुरू करावे, ते कोणी एका वाक्यात सांगेल का? माझ्याकडून 'स्लिप इट इन' वगळावे, ही विनंती.

चौतारी :

आधी 'हूज गॉट द टेन अँड अ हाफ?' ऐका, पोर्टलंडमध्ये २३ ऑगस्ट १९८५ रोजी मुद्रित झालेला हा कार्यक्रम १९८६ मध्ये, म्हणजे ती बँडमध्ये नसताना, बाहेर आला, आणि त्यात ड्रमवर स्टीव्हन्सनऐवजी अँथनी मार्टिनेझ असल्याने बेसला लयीचा जास्त भार उचलावा लागतो तो स्पष्ट ऐकू येतो. मग 'प्रोसेस', मग डॉसचे काहीही. हेडफोन लावूनच ऐका, कारण फोनच्या छोट्या स्पीकरमधून बेसचे खालचे स्वर बाहेर पडतच नाहीत, आणि तालभ्रष्ट यांची पहिली शंका बहुधा तिथेच जन्मली होती.

तालभ्रष्ट :

कबूल. फोनच होता.